प्रतिकारशक्तीसाठी कोणतं फळ? किवीच्या आधी पेरूचं बोलू

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात ४ वर्षांची मुलगी, तिला वरचेवर सर्दी होते. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे. मागच्या पावसाळ्यात यजमानांना डेंग्यू झाला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण किवी नाहीतर ड्रॅगन फ्रूट घेऊन आला. फळांनी प्रतिकारशक्ती खरोखर वाढते का, सगळ्यात जास्त कोणत्या फळाने वाढते, कोविडपासून सुरू असलेल्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, आणि सर्दीत पेरू-केळं द्यायचं नाही हे सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे.

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या गावी बरीच वर्षं प्रॅक्टिस करते. ओपीडीत हे प्रश्न रोज येतात, पण तिथे दोन मिनिटांत उत्तर द्यावं लागतं. इथे जरा सविस्तर सांगते.

आधी 'वाढते का' याबद्दल. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, असं नसतं. आमवात, ल्युपस (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते तो आजार), सोरायसिस, दमा या आजारांत ही यंत्रणा कमी पडलेली नसते, ती नको तिथे चालून गेलेली असते, आणि आम्ही देतो ती बरीचशी औषधं तिला आवरण्यासाठीच असतात. निरोगी माणसाला हवी असते ती वेळेवर जागी होणारी आणि काम संपलं की थांबणारी यंत्रणा. तिच्या पेशी तयार व्हायला, त्यांनी जंतू मारायला आणि मारामारीत झालेली नासधूस भरून काढायला कच्चा माल लागतो. त्यातला काही माल फळांतून येतो. तो कमी पडत असेल तर फळांनी मोठा फरक पडतो. तो पुरेसा असेल, तर आणखी फळं, महागडी फळं किंवा गोळ्या घेऊन फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे 'कोणतं फळ' यापेक्षा 'कोणाला कमी पडतंय' हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात क जीवनसत्त्वापासून, म्हणजे व्हिटॅमिन सीपासून, करू, कारण सगळी चर्चा त्याच्याभोवतीच असते. गाय, बकरी, कुत्रा यांचं शरीर ते स्वतः बनवतं. माणसात ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीचं जनुक उत्क्रांतीत निकामी झालं, म्हणून आपल्याला ते खाण्यातूनच घ्यावं लागतं. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचं पाणी, कोणाला सायडर. ज्या दोघांना संत्री आणि लिंबं मिळाली ते आठवडाभरात सुधारले. त्या फळांत नेमकं काय होतं ते कळायला पुढे पावणेदोनशेहून जास्त वर्षं गेली. अल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांना त्या शोधासाठी १९३७ चं नोबेल मिळालं.

प्रतिकारयंत्रणेत याचं काम काय? रक्तद्रवात जेवढं क जीवनसत्त्व असतं त्याच्या ५० ते १०० पट पांढऱ्या पेशी स्वतःच्या आत साठवून ठेवतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि आत तीव्र रसायनं सोडून त्याला मारतात. त्या रसायनांचा मार पेशीला स्वतःलाही बसतो, आणि तो सोसायला हा साठा उपयोगी पडतो. काम संपलेल्या न्यूट्रोफिल नीटपणे मरून तिथून उचलल्या जाव्यात, आसपासचा भाग सुजत राहू नये, यातही त्याचा हात असतो. आणि त्वचा, हिरड्या, श्वासमार्गाचं अस्तर ज्या कोलेजनवर उभं असतं ते पक्कं व्हायला क जीवनसत्त्व लागतं. जंतूला पहिली अडवणूक तिथेच होते.

पण साठवायला मर्यादा आहे. दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम पोटात गेलं की रक्तातली पातळी जवळजवळ कमाल होते. १ ग्रॅमहून मोठा डोस घेतला तर त्यातलं निम्म्याहून कमी शोषलं जातं, आणि जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम धरली आहे. आता फळांकडे बघा. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं. आवळ्यात २५० ते ६००, तक्त्यागणिक आकडा बदलतो. किवीत ९० च्या आसपास, पपईत ४० ते ६०, संत्र्यात ४० ते ५०, डाळिंबात आणि केळ्यात १० च्या आसपास, सफरचंदात जेमतेम ५. ड्रॅगन फ्रूट या बाबतीत बरंच मागे आहे. म्हणजे दारावर हातगाडीवर मिळणारा एक मध्यम पेरू खाल्ला, तर तेवढ्यासाठी चार-पाच किवी सोलावे लागतील. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण पेरू नेत नाही, कारण तो स्वस्त आहे आणि रोजचा आहे. पोषणाच्या हिशोबात स्वस्त असणं हाच त्याचा मोठा गुण आहे.

गोळ्यांबद्दल आता. क जीवनसत्त्व आणि सर्दी यावर जेवढं संशोधन झालंय तेवढं फार थोड्या घरगुती समजुतींवर झालं असेल. २०१३ मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने २९ चाचण्या आणि ११,००० हून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली. रोज गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य लोकांना सर्दी कमी वेळा झाली नाही. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत सुमारे १४ टक्के लवकर आवरली, म्हणजे आठवड्याची सर्दी मोठ्या माणसात अर्धा दिवस आधी गेली. सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या सुरू करणाऱ्यांना ठाम फायदा दिसला नाही. अपवाद एकच, मॅरेथॉन धावणारे, बर्फात स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक. त्यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. शरीरावर टोकाचा ताण असेल तेव्हा गरज वाढते, हे त्यातून दिसतं. कोविडमध्ये अमेरिकेत घरी उपचार घेणाऱ्या २१४ रुग्णांवर २०२१ मध्ये चाचणी प्रसिद्ध झाली. रोज ८ ग्रॅम क जीवनसत्त्व आणि ५० मिलिग्रॅम झिंक देऊनही लक्षणं लवकर गेली नाहीत. तेव्हा ताई, त्या गोळ्या बंद करा. यजमानांना कधी मुतखडा झाला असेल तर आजच बंद करा, कारण जास्तीच्या क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट बनतं आणि बरेचसे मुतखडे ऑक्झलेटचेच असतात.

पण याचा अर्थ आपल्याकडे क जीवनसत्त्वाची कमतरता नाही, असा अजिबात घेऊ नका. २०११ साली भारतातल्या ६० वर्षांवरच्या लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तरेतल्या केंद्रात जवळजवळ ७४ टक्के आणि दक्षिणेतल्या केंद्रात ४६ टक्के वृद्धांच्या रक्तात क जीवनसत्त्व कमतरतेच्या पातळीला होतं. ज्यांच्या खाण्यात ते कमी, जे तंबाखू-विडीवाले, ज्यांच्या घरी चूल पेटते, त्यांच्यात हे जास्त. धुरातली आणि तंबाखूतली रसायनं शरीरातलं क जीवनसत्त्व वेगाने संपवतात. मला हा अभ्यास वाचून आश्चर्य वाटलं नाही. शेतावरच्या खोलीत एकटा राहणारा, तंबाखू मळणारा, दात गेलेला, चहात भाकरी बुडवून खाणारा म्हातारा माणूस आमच्याकडे 'अशक्तपणा' म्हणून येतो. त्याच्या नडगीवर टॉर्च मारून जवळून पाहिलं तर प्रत्येक केसाच्या मुळाशी लालसर-जांभळा ठिपका असतो आणि केस सरळ न वाढता स्प्रिंगसारखा वेटोळा झालेला असतो. उरलेल्या दातांपाशी हिरड्या सुजून लिबलिबीत झालेल्या असतात. ही स्कर्व्हीच, पुस्तकात खलाशांची म्हणून शिकवलेली. अशा माणसाला महिनाभर क जीवनसत्त्व दिलं तर तो बदलून येतो. प्रतिकारशक्तीसाठी फळं ही जाहिरात ज्याच्यापर्यंत पोहोचते त्याला बहुतेक वेळा गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याच्या खोलीत फळ पोहोचत नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

आता सर्दी आणि पेरू. सासूबाईंचा राग येऊ देऊ नका, ही समजूत घरोघरी आहे. सर्दी विषाणूंनी होते, त्यातले ऱ्हायनोव्हायरस सगळ्यात जास्त. पेरू, केळं, संत्रं यांनी विषाणू येत नाही आणि कफही 'तयार' होत नाही. समजूत का रुजली असावी हेही कळतं. पेरूचा मोठा बहर हिवाळ्यात, सर्दीचा हंगामही तोच, त्यामुळे दोन्ही कायम बरोबरच दिसतात. फ्रिजमधून काढलेलं गारढोण फळ घशाला खवखवतं, तेवढं मात्र खरं. तेव्हा खोलीच्या तापमानाचं द्या. ज्या मोसमात पेरू, आवळे, बोरं, संत्री सगळं एकदम स्वस्त होतं, त्याच मोसमात आपण मुलांना त्यांपासून लांब ठेवतो. आणि गंमत अशी, की संक्रांतीला त्याच मुलांना बोरन्हाण घालताना डोक्यावरून बोरं ओततो.

४ वर्षांच्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचंच आहे, बालवाडी सुरू झाली की थोडी जास्तच. प्रत्येक नव्या विषाणूची ओळख होत असते. त्यासाठी 'इम्युनिटी बूस्टर' सिरपची गरज नाही.

पेरूचा आणखी एक उपयोग आहे आणि मुलांच्या बाबतीत मी तो सर्दीपेक्षा मोठा मानते. डाळी, पालेभाज्या, बाजरी, नाचणी यांतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते लोह बरंच जास्त शोषलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं आणि ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोह कमी असलं की लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची वाढ मंदावते, न्यूट्रोफिलची जंतू मारण्याची ताकदही घटते. म्हणून पेरूची फोड, लिंबाची फोड किंवा आवळ्याची कोशिंबीर जेवणाबरोबर हवी, चार वाजता वेगळी नको. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहातली टॅनिन याच्या अगदी उलट काम करतात. पानात डावीकडे लिंबाची फोड वाढायची पद्धत आपल्याकडे आहेच, ती पिळायची मात्र राहून जाते. मुलीला पेरूच्या बिया चावत नसतील तर गर काढून द्या. बोराची बी आणि अख्खं द्राक्ष या वयात घशात अडकू शकतं. बोराची बी काढा, द्राक्ष उभं चिरून द्या.

आंबा आणि पपई यांचा पिवळा-केशरी रंग बीटा कॅरोटिनचा. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. श्वासमार्गाचं आणि आतड्याचं ओलसर अस्तर टिकवणं हे त्याचं काम, आणि पांढऱ्या पेशींना आतड्याकडे वळवणारा संकेतही त्यापासूनच बनतो. आल्फ्रेड सॉमर यांच्या गटाने इंडोनेशियात आचे प्रांतात केलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ जीवनसत्त्वाचे डोस दिलेल्या गावांत लहान मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आजही गोवर झालेल्या मुलाला ते द्यायचंच असतं. आपल्याकडे नवव्या महिन्यापासून डोस देतात तो हाच, तुमच्या मुलीचा पूर्ण झालाय का ते कार्डावर बघा. बीटा कॅरोटिन स्निग्ध पदार्थाबरोबर शोषलं जातं, त्यामुळे आमरसात चमचाभर तूप घालणाऱ्या आपल्या आजीचं बरोबर होतं. इथेही गोळीचा मोह नको. फिनलंडमध्ये २९,००० हून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. फळातून मिळणाऱ्या कॅरोटिनने असं कधी दिसलेलं नाही.

जीवनसत्त्वांपेक्षा कमी बोललं जातं ते फळातल्या चोथ्याबद्दल. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीत वस्तीला असतो. पेरू, सफरचंद, संत्र्याची पांढरी साल यांतलं पेक्टिन (पाण्यात विरघळणारा चोथा) आणि कच्च्या केळ्यातला न पचणारा स्टार्च लहान आतड्यात तसाच राहतो आणि मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले जिवाणू त्याचं किण्वन करून ब्यूटिरेट, प्रोपिओनेट, ॲसिटेट ही आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः ब्यूटिरेटवर जगतात. तेच ब्यूटिरेट रेग्युलेटरी टी पेशी (टी पेशी हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढायला मदत करतं, आणि या पेशी यंत्रणेला 'पुरे आता' असं सांगणाऱ्या असतात. ढाक्यातल्या अतिसार संशोधन केंद्रात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला यात सगळ्यात आवडतो. जुलाब दोन आठवडे उलटले तरी थांबत नसलेल्या ६२ तान्ह्या मुलग्यांना तांदळाच्या पातळ आहारातून शिजवलेलं कच्चं केळं, किंवा पेक्टिन, किंवा नुसता तांदळाचा आहार दिला. चौथ्या दिवसापर्यंत केळं आणि पेक्टिनच्या गटांत बहुतेक मुलं बरी झाली होती, नुसत्या तांदळाच्या गटात जेमतेम पाव. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारं कच्चं केळं. त्याची भाजी घरात होत असेल तर ती चालू ठेवा.

म्हणूनच रस नको. मोसंबीचा ग्लासभर रस काढायला तीन-चार मोसंब्या लागतात, साखर सगळी ग्लासात येते आणि चोथा सगळा कचऱ्यात जातो. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर ही बाहेरून घातलेल्या साखरेसारखीच मोजते.

रंगांबद्दल थोडंच सांगते, कारण इथे दावे जास्त आणि माणसांवरचे पुरावे कमी आहेत. जांभळातलं अँथोसायनिन, डाळिंबातलं एलाजिटॅनिन, सफरचंदाच्या सालीतलं क्वेर्सेटिन प्रयोगशाळेत पेशींवर ओतलं तर दाह कमी करणारे परिणाम दिसतात. पण खाल्ल्यावर त्यातलं फार थोडं रक्तात पोहोचतं, तेही रूप बदलून. 'या फळात इतके अँटिऑक्सिडंट' हे आकडे सांगणारी यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये स्वतःच काढून टाकली, कारण परीक्षानळीतल्या त्या आकड्याचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली दिसते, ती सालीतल्या क्वेर्सेटिनसारख्या द्रव्यांमुळे (फ्लेव्होनॉइड) नव्हे तर फळातल्या फ्रुक्टोजने तात्पुरतं युरिक ॲसिड वाढल्यामुळे, असं २००४ मध्ये दिसून आलं होतं. डाळिंबाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. त्यातल्या एलाजिटॅनिनपासून युरोलिथिन हा उपयोगी पदार्थ आतड्यातले जिवाणू बनवतात, आणि ते जिवाणू सगळ्यांकडे नसतात. त्यामुळे सोलापूरचं तेच डाळिंब दोन माणसांत वेगळं वागू शकतं. डाळिंब चवीसाठी खुशाल खा, औषध म्हणून नको.

मग अख्खी फळं आणि भाज्या खाऊन प्रतिकारयंत्रणेत मोजता येईल असा काही फरक पडतो का? पडतो, आणि तो सासूबाईंच्या वयातच पाहिला गेलाय. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये ६५ ते ८५ वयाचे ८३ निरोगी लोक घेतले, ज्यांच्या खाण्यात फळं-भाज्यांचे दिवसाला दोन वाढपांहून (एका वेळी वाढतात तेवढा वाटा म्हणजे एक वाढप) जास्त नव्हते. निम्म्यांना तसंच ठेवलं, निम्म्यांना दिवसाला पाच वाढपं फळं-भाज्या दिल्या. असं १६ आठवडे. बाराव्या आठवड्यात सगळ्यांना न्यूमोनियाची आणि धनुर्वाताची लस दिली. न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी पाच वाढपांच्या गटात जास्त वाढल्या. धनुर्वाताच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच राहिले. हा निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. फळाची ताकद केवढी याचा अंदाज यातून येतो. ते लसीला साथ देतं, लसीची जागा घेत नाही. सासूबाईंना न्यूमोनियाची आणि दरवर्षीची फ्लूची लस मिळालीय का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

त्यांच्या मधुमेहाबद्दल. रक्तातली साखर सतत चढी असली की न्यूट्रोफिल जंतूपर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि पोहोचल्या तरी नीट मारत नाहीत. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) जे रुग्ण आम्ही पाहिले त्यांत बहुतेकांची साखर हाताबाहेर गेलेली होती, अनेकांना स्टिरॉइडही दिलेलं होतं. तेव्हा त्यांच्या प्रतिकारशक्तीसाठी पहिली गोष्ट म्हणजे साखर आटोक्यात. फळं बंद करायची नाहीत. पेरू, पपई, संत्रं, जांभळं यांतलं एखादं, साधारण वाटीभर, दिवसातून एक-दोनदा चालतं. मोसमात हापूसच्या दोन फोडी खाल्ल्या तर त्या जेवणातली एक पोळी कमी करायची. मोरावळा आणि च्यवनप्राश आवळ्याचे असले तरी त्यांत साखरेचा वाटा मोठा असतो, त्यांच्यासाठी नकोत. ताजा आवळा किसून मीठ लावून, किंवा कोशिंबिरीत, चालेल. शिजवताना क जीवनसत्त्व बरंच कमी होतं, तेव्हा कच्चा असेल तितका बरा.

डेंग्यूचं मात्र जरा आवाज चढवून सांगावंसं वाटतं. पावसाळ्यात वॉर्डात पलंगाशेजारच्या टेबलावर प्लास्टिकच्या डबीत तीन किवी, प्रत्येकावर परदेशी स्टिकर, आणि शेजारी पपईच्या पानांचा हिरवा काढा, हे दृश्य ठरलेलं आहे. नातेवाइकांचं सगळं लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे असतं. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि ताप गेल्यावर काही दिवसांत आपोआप चढतात. चढायच्या वेळी जे पोटात जात असतं त्याला श्रेय मिळतं. किवीने किंवा ड्रॅगन फ्रूटने त्या वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. पपईच्या पानांवर भारतात आणि मलेशियात अभ्यास झालेत, काहींत प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या. पण रुग्ण गंभीर होण्याचं प्रमाण त्याने कमी होतं हे सिद्ध झालेलं नाही. मळमळणाऱ्या माणसाला तो कडू रस पाजला की उलटी होते, आणि जे पाणी पोटात राहायला हवं तेच बाहेर जातं.

डेंग्यूत माणूस जातो तो बहुतेक वेळा प्लेटलेटमुळे नव्हे, तर केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरल्यामुळे. आणि ते होतं ताप उतरत असताना, जेव्हा घरच्यांना 'आता बरं वाटतंय' असं वाटतं. म्हणून आम्ही बघतो ते रक्ताचा घट्टपणा दाखवणारा हिमॅटोक्रिटचा आकडा, नाडी, रक्तदाब आणि लघवी किती वेळा झाली ते. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, सहा तासांत लघवी नाही, यातलं काहीही दिसलं की थेट रुग्णालय. घरी द्यायचं ते ओआरएस, शहाळ्याचं पाणी, ताक, पेज, घोट घोट पण सतत. आणि लाल गराचं ड्रॅगन फ्रूट, डाळिंबाचा रस, बीट त्या दिवसांत टाळा. उलटी किंवा शौच लाल दिसलं की ते फळ आहे की रक्तस्राव, हे आम्हालाही पटकन कळत नाही.

काही फळं काहींना धोक्याची आहेत. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबून ठेवायला टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन दिलेलं असतं. ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस यांतल्या रसायनांनी ही औषधं शरीरात मोडायची प्रक्रिया अडते आणि रक्तातली पातळी घातक होईपर्यंत चढू शकते. गोव्यात चतुर्थीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या आराशीला, पपनस बांधतात आणि मग ते घरात सोलून वाटलं जातं. अशा रुग्णाने ती फोड घेऊ नये. मूत्रपिंड निकामी असलेल्यांनी स्टारफ्रूट, म्हणजे कोकणातली करमळं, अजिबात खाऊ नयेत, त्याने उचकी, गोंधळलेपणा आणि झटके येऊ शकतात. डायलिसिसवर असलेल्यांना केळी आणि शहाळं पोटॅशियममुळे जपून.

आणि मे महिन्यात आंबा खाल्ल्यावर ओठांच्या कडेला जे लाल, खाजरं, पाणीदार पुरळ येतं आणि ज्याला आपण 'आंबा उष्ण पडला' म्हणतो, ती प्रतिकारयंत्रणेचीच करामत आहे. देठाजवळच्या चिकातली रसायनं बिब्ब्याच्या आणि काजूच्या टरफलातल्या तेलाची भावंडं आहेत. तिन्ही झाडं एकाच कुळातली. टी पेशींनी एकदा ती ओळखून ठेवली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं. आंबा सोडायची गरज नाही. देठ कापून चीक गाळून द्या, आंबे पाण्यात ठेवा, साल दातांनी न ओढता फोडी करून खा.

फळांनी काय होत नाही हेही सांगायला हवं. अँटीबॉडी हे प्रथिन आहे, आणि फळांत प्रथिन नगण्य असतं. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या १०,००० हून जास्त लोकांवर एक चाचणी झाली, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या घरांत माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्मपोषक गोळ्या दिल्या, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. त्या शिध्यात फळ नव्हतं. घरात पैसे मोजके असतील तर आधी डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे; मग पेरू-केळी; किवी त्यानंतर, हौस म्हणून.

किती खायचं? राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब मोठ्या माणसाला दिवसाला निदान १०० ग्रॅम फळ असा आहे, भाज्या वेगळ्या. म्हणजे एक पेरू, नाहीतर पपईची वाटी, नाहीतर मोठं केळं. रोजचं एक, वर्षभर, हे आठवड्यातून एकदा फळांचं ताट भरण्यापेक्षा जास्त उपयोगी, कारण क जीवनसत्त्व शरीर फार दिवस साठवत नाही. घरी धुऊन, खायच्या वेळी चिरा. पावसाळ्यात रस्त्यावरच्या चिरून ठेवलेल्या फोडी नकोत, त्यातून टायफॉइड आणि कावीळ येते.

मुलीबद्दल शेवटचं. नुसती सर्दी, मधून मधून ताप, पण वजन-उंची वाढतेय, खेळतेय, तर काळजी नको. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया, कान वारंवार फुटणं, तोंडात पांढरी बुरशी न जाणं, खोल गळवं होणं, वजन थांबणं, किंवा जवळच्या नात्यात लहानपणी संसर्गाने मूल दगावलेलं असणं, यातलं काही असेल तर फळं-सिरप बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. ते आधी हिमोग्राम आणि इम्युनोग्लोब्युलिनची (रक्तातल्या अँटीबॉडींची) तपासणी करायला सांगतील. जन्मजात कमतरता असेल तर तिच्यावर उपचार आहेत, आणि ते जितक्या लवकर सुरू होतील तितकं मुलाचं नुकसान टळतं.